ज्याने सांडले, त्याने निस्तरावे

घरात एखाद्या मुलाच्या हातून तेलाची बरणी कलंडली, तर आई प्रथम काय म्हणते? "आधी फडके आण आणि पूस!" धक्का कोणाचा लागला, बरणी कडेला कोणी ठेवली, ह्याची चौकशी मागाहून होते. तेल मात्र चौकशीसाठी थांबत नाही. ते फरशीवरून सतरंजीकडे आणि सतरंजीवरून धान्याच्या पोत्याकडे पसरत जाते. पहिल्या क्षणी जे एका फडक्याने टिपता आले असते, त्यासाठी थोड्या वेळाने सारी खोली धुवावी लागते. म्हणून घरोघरी एक साधा नियम पाळला जातो : ज्याने सांडले, त्याने निस्तरावे आणि तेही ताबडतोब.

नियम इतका सोपा आहे की, तो लहान मुलालाही पटतो. परंतु हाच नियम मोठमोठ्या जहाजांना आणि कारखान्यांना लागू करावयास जगाला फार वर्षे लागली. त्यासाठी मोठे अनर्थ घडावे लागले, न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालले आणि शेवटी कायदे करावे लागले. ते कायदे का झाले आणि ते काय सांगतात, हे ह्या पाठात आपण पाहू.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलास्का हे राज्य खंडाच्या अगदी वायव्य टोकाला आहे. तेथे उत्तरेकडे जमिनीतून खनिज तेल निघते. सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या नळातून हे तेल दक्षिणेकडील व्हाल्डिझ ह्या बंदरात आणले जाते आणि तेथून ते जहाजांत भरून दूरदूर पाठवितात. ह्या बंदरासमोर प्रिन्स विल्यम साउंड नावाचा शांत, बर्फाच्छादित डोंगरांनी वेढलेला उपसागर आहे. त्यात सॅमन आणि हेरिंग माशांचे थवे येतात, सील आणि पाणमांजरे खेळतात, लाखो समुद्रपक्षी वावरतात. किनाऱ्यावरील लहान गावे पिढ्यान्‌पिढ्या ह्या पाण्याच्या आधारावर जगत आली आहेत.

२३ मार्च १९८९ च्या रात्री नऊच्या सुमारास 'एक्सॉन व्हाल्डिझ' नावाचे एक प्रचंड तेलवाहू जहाज ह्या बंदरातून निघाले. त्याच्या टाक्यांत सुमारे २० कोटी लिटर कच्चे तेल होते. वाटेत बर्फाचे तुकडे तरंगत असल्यामुळे जहाज नेहमीचा मार्ग सोडून बाजूला वळले. परंतु ते वेळेवर पुन्हा मार्गावर आले नाही. मध्यरात्र उलटून चार मिनिटे झाली असतील नसतील, तोच ब्लाय रीफ नावाच्या खडकावर ते आदळले. जहाजाच्या तेलाच्या ११ टाक्यांपैकी ८ टाक्या फाटल्या आणि तेल समुद्रात वाहू लागले. सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले. दहा हजार लिटरांचा एक टँकर धरला, तर हे तेल भरावयास चार हजार टँकर लागले असते!

आता खरा प्रश्न उभा राहिला : हे निस्तरावयाचे कसे?

समुद्रात तेल सांडले तर त्यासाठी निश्चित उपाय आहेत. तरंगते लांबलांब पट्टे पाण्यावर सोडून तेलाभोवती कुंपण घालतात; त्यामुळे तेल पसरत नाही. मग कुंपणातील तेल यंत्रांनी वरच्यावर उपसून घेतात. परंतु हे उपाय तेलाचा थर जाड आणि एकत्र असेपर्यंतच चांगले लागू पडतात. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते भराभर पसरते आणि त्याचा थर पातळ होतो. त्यातील हलके अंश वाफ होऊन उडून जातात. उरलेल्या जड तेलात लाटांमुळे पाणी घुसळले जाते आणि त्याचा चिकट, तपकिरी लगदा बनतो. असा लगदा उपसणे अतिशय कठीण असते. म्हणजे पहिल्या काही तासांत जे काम होऊ शकते, ते पुढे काही महिन्यांतही होईलच असे नाही.

बंदरातील तेल कंपन्यांनी अशा अपघातासाठी एक योजना पूर्वीच कागदावर लिहून ठेवली होती. काही तासांतच माणसे आणि साहित्य घटनास्थळी पोहोचेल, असे तीत म्हटले होते. प्रत्यक्षात काय घडले? साहित्य वाहून नेणारी बार्ज दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली होती. तिच्यावर सामान चढविलेले नव्हते, आणि काही सामान तर बर्फाखाली गाडले गेले होते. मदत जहाजापाशी पोहोचावयास बारा तासांहून अधिक वेळ लागला. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. येथे विहीर खणण्याचे कुदळ-फावडेही शोधावे लागले!

दैवाने मात्र एक संधी दिली होती. पहिले तीन दिवस हवा शांत होती आणि समुद्र स्थिर होता. ह्या तीन दिवसांत पुरेसे साहित्य हाती असते, तर पुष्कळसे तेल आवरता आले असते. पण ते दिवस तयारी जुळविण्यात, आणि कोणता उपाय योजावा व हुकूम कोणाचा चालावा ह्या चर्चेत गेले. नंतर वादळ सुटले. प्रचंड वाऱ्याने तेल दूरवर नेले आणि खडकांवर, वाळूवर, गोट्यांच्या किनाऱ्यांवर फेकले. पुढे हे तेल सुमारे २,१०० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्याची लांबी सुमारे ७२० किलोमीटर धरली जात आली आहे. तिच्या जवळजवळ तिप्पट हे अंतर झाले.

ह्या तेलाने जो संहार केला, तो वाचून मन विषण्ण होते. पाणमांजराच्या अंगावर सीलप्रमाणे चरबीचा जाड थर नसतो. दाट केसांत अडकलेली हवाच त्याला थंडीपासून वाचविते. केसांना तेल लागले की ती हवा निघून जाते आणि ते प्राणी थंडीने गारठून मरतात. पक्ष्यांच्या पिसांचेही तसेच. तेलाने माखलेला पक्षी चोचीने पिसे साफ करू लागतो, तेव्हा विष त्याच्या पोटात जाते. सुमारे अडीच लाख समुद्रपक्षी, २,८०० पाणमांजरे, ३०० सील आणि २५० गरुड ह्या अपघातात मेले असावेत, असा अंदाज आहे. त्या वर्षी तेथील हेरिंगची मासेमारी बंद ठेवावी लागली. ज्यांनी तेलाचा एक थेंबही सांडला नव्हता, त्यांच्या चुली विझण्याची वेळ आली.

ह्या काळ्याकुट्ट कथेत एक उजळ प्रसंगही आहे. सॉमिल बे नावाच्या लहान खाडीत सॅमन माशांची पिल्ले वाढविण्याचे केंद्र होते. तेल तेथपर्यंत पोहोचले असते, तर पुढील वर्षांचे मासे जन्मताच नाहीसे झाले असते. तेव्हा आसपासचे मच्छीमार आपापल्या होड्या घेऊन धावले. त्यांनी खाडीच्या तोंडाशी तरंगते पट्टे बांधले, तेल रात्रंदिवस मागे रेटले. काहींनी तर बादल्यांनी तेल भरून काढले. ती खाडी वाचली. कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता वेळेवर केलेल्या कामाचे हे फळ होते. परंतु विचार करा : ज्यांनी सांडले नाही, त्यांना निस्तरावयास सर्वांच्या आधी धावावे लागले, हा न्याय झाला काय?

पुढे जहाजाच्या मालक कंपनीने सफाईचे काम हाती घेतले. गर्दीच्या दिवसांत दहा हजारांहून अधिक माणसे किनाऱ्यावर राबत होती. ती एकेक दगड पुसत, गरम पाण्याचे जोरदार फवारे मारून खडक धूत. चार उन्हाळे हे काम चालले आणि त्यावर २०० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. शिवाय सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला १९९१ साली ९० कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. परंतु उशिरा केलेल्या सफाईने नवे नुकसानही झाले. गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी तेल निघाले खरे. पण तेलातून वाचलेले लहान जीवही खडकांवर भाजून मेले. पुढे २००१ साली शास्त्रज्ञांनी त्या किनाऱ्यांवर खड्डे खणून पाहिले, तेव्हा बारा वर्षांपूर्वीचे तेल काही ठिकाणी गोट्यांखाली अजून तसेच होते. पैसा मिळाला, माणसे मिळाली. परंतु गेलेले तीन दिवस परत मिळाले नाहीत.

ह्या अपघातातून अमेरिकेने धडा घेतला. तेलप्रदूषणाविरुद्ध तेथे आधीही कायदे होते. पण ते विखुरलेले आणि अपुरे होते. १८ ऑगस्ट १९९० रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांनी 'तेलप्रदूषण कायदा' ह्या नव्या कायद्यावर सही केली. ह्या कायद्यातील चार गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट जबाबदारीची. ज्याच्या जहाजातून किंवा कारखान्यातून तेल सांडेल, त्याने ते काढण्याचा खर्च सोसावा आणि झालेले नुकसानही भरून द्यावे. मच्छीमाराची बुडालेली कमाई आणि निसर्गाची झालेली हानी, ही दोन्ही त्या नुकसानीत मोजली जातात.

दुसरी गोष्ट तयारीची. नुसती कागदी योजना पुरत नाही. मोठ्यात मोठा अपघात झाला तर कोणती माणसे, कोणत्या होड्या आणि कोणती यंत्रे धावून येतील, हे आधी करार करून पक्के करावे लागते. जहाज बंदरातून निघण्यापूर्वीच ही सिद्धता असावी लागते.

तिसरी गोष्ट निधीची. कधी कधी सांडणारा सापडत नाही किंवा टाळाटाळ करतो. अशा वेळी तेल पसरत असताना सरकारने हात बांधून बसू नये, म्हणून तेल कंपन्यांवर दर पिंपामागे काही सेंटांचा कर बसवून एक निधी उभारण्यात आला. त्यातून सफाई लगेच सुरू होते आणि मागाहून तो पैसा दोषी व्यक्तीकडून वसूल केला जातो. काम आधी, हिशेब मागाहून!

चौथी गोष्ट अपघात टाळण्याची. एक्सॉन व्हाल्डिझ जहाजाला एकेरी तळ होता. नव्या कायद्याने तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचे केले. बाहेरचे कवच फाटले तरी आतील टाकी शाबूत राहावी, हा त्याचा हेतू. जुनी एकेरी जहाजे टप्प्याटप्प्याने २०१५ पर्यंत अमेरिकेच्या पाण्यातून बाद करण्यात आली.

ह्या कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे. मालकाने किती रक्कम द्यावी, ह्याला कायद्याने सामान्यतः एक मर्यादा घातली आहे. परंतु ज्याने अपघाताची खबर दिली नाही किंवा सफाईला सहकार्य केले नाही, त्याला ह्या मर्यादेचा लाभ मिळत नाही. म्हणजे जो लपवील किंवा हात झटकील, त्याचे अधिकच नुकसान होईल. खरे बोलणे आणि त्वरा करणे ह्यांतच मालकाचा फायदा राहील, अशी योजना कायदा करणाऱ्यांनी केली.

येथे तुम्ही विचाराल, की अपराध्याला जबर दंड केला म्हणजे पुरे नाही काय? नाही. दंड आणि निस्तरणे ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. तेवढ्याने विहिरीचे पाणी गोड होत नाही आणि पक्ष्याची पिसे स्वच्छ होत नाहीत. दंड लहान असेल तर काही मालक असाही हिशेब करतील, की काळजी घेण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त पडेल. परंतु सांडलेला प्रत्येक थेंब आपल्यालाच, आपल्याच खर्चाने उचलावा लागणार, हे ज्याला ठाऊक असते, तो टाकीचा बोळा आधीच घट्ट बसवितो.

आता आपल्या देशाकडे वळू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ शहरात एका कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. ह्या भयंकर घटनेनंतर १९८६ साली भारताच्या संसदेने 'पर्यावरण (संरक्षण) कायदा' केला. त्याचे नववे कलम आपल्या विषयाचेच आहे. अपघाताने घातक द्रव्य मर्यादेबाहेर सांडले किंवा सांडण्याचा संभव निर्माण झाला, तर त्याला जबाबदार असलेल्या माणसाने प्रदूषण रोखलेच पाहिजे आणि अधिकाऱ्यांना तत्काळ कळविले पाहिजे, असे ते कलम सांगते. खबर मिळताच अधिकाऱ्यांनी शक्य तितक्या लवकर उपाय योजावेत, आणि त्याचा खर्च संबंधित माणसाकडून व्याजासह वसूल करता यावा, असेही त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका वायुगळतीच्या खटल्यात आणखी एक तत्त्व घालून दिले : जो धोकादायक उद्योग चालवितो, त्याने आपण पुरेशी काळजी घेतली होती, अशी सबब सांगून नुकसानभरपाई टाळू नये.

कायदा झाला, पण तो वेळेवर अमलात आला नाही तर काय होते, हे राजस्थानातील एका गावाने पाहिले. उदयपूर जिल्ह्यात बिच्छडी नावाचे गाव आहे. तेथील एका कारखान्यात १९८८ च्या सुमारास रंगांसाठी लागणारे 'एच-आम्ल' तयार होऊ लागले. त्यातून सुमारे २,४०० टन विषारी गाळ निघाला आणि तो उघड्यावर टाकण्यात आला. कारखाना थोड्याच काळात बंद पडला. पण गाळ तेथेच राहिला. पावसाचे पाणी त्यातून झिरपत जमिनीत उतरले. विहिरींचे पाणी काळसर झाले. ते माणसांना पिण्यास, गुरांना पाजण्यास किंवा शेताला देण्यास योग्य उरले नाही. जमिनीवर सांडलेले विष समुद्रातील तेलासारखे डोळ्यांना दिसत नाही. ते पायांखालून गुपचूप चालते. म्हणून तेथे त्वरेची गरज अधिकच असते.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की माती आणि पाणी पूर्ववत करण्याचा सारा खर्च कारखान्याच्या मालकांनीच दिला पाहिजे. 'जो प्रदूषण करील, तो भरील' हे तत्त्व आपल्या देशात ह्या निकालाने पक्के झाले. सफाईसाठी ३७ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लागेल, असे ठरले. परंतु मालकांनी अर्जांमागून अर्ज करून पैसे देण्याचे लांबविले. शेवटी २०११ साली न्यायालयाने ती रक्कम १९९७ पासूनच्या चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम केला. निकाल न्याय्य होता. पण तोपर्यंत गावातील लहान मुले मोठी झाली होती. 'वराती मागून घोडे' म्हणतात, ते हेच!

भोपाळची कथा ह्याहूनही लांबली. त्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास २०२५ चा जानेवारी महिना उजाडावा लागला, आणि त्याच वर्षी पीथमपूर येथे तो जाळून नष्ट करण्यात आला. अपघातानंतर चाळीस वर्षे लोटली होती, आणि ह्या कामाचा खर्च सरकारने म्हणजे आपण सर्वांनी केला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार.

महाराष्ट्राच्या समुद्रालाही हा प्रश्न परका नाही. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'राक कॅरियर' हे जहाज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले. त्यात सुमारे ६०,००० टन कोळसा आणि जहाजाचे इंधन होते. इंधन पाण्यात मिसळून किनाऱ्यापर्यंत आले. २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ह्या प्रदूषणाबद्दल जहाजाच्या मालकांनी १०० कोटी रुपये द्यावेत, असा आदेश दिला. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून त्यात काहीही टाकावे, हा समज खोटा आहे, हे ह्या आदेशाने दाखवून दिले.

ह्या सर्व हकिकतींतून एकच गोष्ट दिसून येते. चांगल्या कायद्याला दोन पाय असतात : एक जबाबदारीचा आणि दुसरा त्वरेचा. जबाबदारी ठरली पण त्वरा नसली, तर बिच्छडीसारखे होते. निकाल मिळतो, पाणी मिळत नाही. त्वरा असली पण जबाबदारी नसली, तर निरपराध मच्छीमार बादल्या घेऊन राबतात आणि दोषी सुटतो. दोन्ही पाय असतील तरच कायदा चालू लागतो.

आज प्रिन्स विल्यम साउंडमधून तेलाने भरलेले जहाज निघाले, की दोन मजबूत टग त्याची सोबत करतात. तेथील शेकडो मच्छीमारांच्या होड्यांशी आधीच करार केलेले असतात. तेल कसे अडवावे, ह्याचे शिक्षण त्यांना दरवर्षी दिले जाते आणि त्याचा खर्च तेल कंपन्या करतात. १९८९ साली जे मच्छीमार आपण होऊन बादल्या घेऊन धावले, त्यांचीच गावे आता सिद्ध पथक बनून राहिली आहेत. कायद्याचे खरे यश किती दंड वसूल झाला, ह्यावर मोजावयाचे नसते. जे तेल सांडलेच नाही, जी विहीर नासलीच नाही, त्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. पण तेच त्याचे सर्वांत मोठे यश होय.